दृष्टिपटलाची घडण आणि रातांधळेपणाची दोन कारणे



दिवेलागण झाली की एखादे मूल ओळखीच्या अंगणातही ठेचकाळू लागते. घरची मंडळी त्यास रातांधळेपणा म्हणतात आणि मुलाच्या जेवणात शेवग्याचा पाला, गाजर, पालेभाज्या वाढवितात. हा उपाय योग्यच आहे. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व टळावे म्हणून भारतात १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. परंतु योग्य मात्रा व सकस आहार मिळूनही एखाद्या मुलास रात्री दिसेनासेच राहिले, तर त्याचे कारण ताटात नसून जनुकांत असू शकते. हा भेद शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पडद्याची घडण

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. गर्भ सुमारे चार आठवड्यांचा असताना वाढत्या मेंदूच्या दोन्ही बाजूंस फुगवटे येतात व त्यांपासून हा पडदा तयार होतो. कोणत्या पेशीने कोणते रूप घ्यावे, हे जनुके ठरवितात. पॅक्स-६ या जनुकावाचून डोळ्याची घडण नीट होत नाही, तर सीआरएक्स हे जनुक प्रकाश टिपणाऱ्या पेशींना आकार देण्यात पुढाकार घेते. या पेशी दोन प्रकारच्या आहेत. भरपूर उजेडात रंग व बारकावे दाखविणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लक्ष, तर अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात.

दंडपेशीच्या टोकाशी शेकडो सूक्ष्म चकत्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे रचलेल्या असतात. त्यांत ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य असते. जनुकाच्या आज्ञेने बनलेले प्रथिन आणि 'अ' जीवनसत्त्वापासून आलेला अंश यांच्या संयोगाने ते तयार होते. रातांधळेपणाची दोन्ही कारणे येथे एकत्र येतात. जीवनसत्त्व कमी पडले तर ते पुरविता येते. प्रथिनच सदोष असेल, तर मात्रा देऊन ते सुधारत नाही. शिवाय हे प्रथिन चकत्यांची रचनाही सांभाळते. जुन्या चकत्या गळतात, नव्या येतात आणि सुमारे दहा दिवसांत सारी चळत नवी होते. म्हणून जनुकांचे काम जन्माबरोबर संपत नाही. ते आयुष्यभर चालते.

ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातील दोषामुळे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा विकार होऊ शकतो, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. आज या विकाराशी निगडित ८० हून अधिक जनुके ज्ञात आहेत. त्यात दंडपेशी आधी नष्ट होतात. प्रथम रात्रीची दृष्टी जाते, नंतर बाजूचे दिसेनासे होते आणि नळीतून पाहावे तशी नजर अरुंद होत जाते.

शेतातला दाखला

परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या जिल्ह्याच्या शेतकऱ्यास बियाण्याचा गुण नव्याने सांगावयास नको. संकरित ज्वारीचे बी घरी राखून दुसऱ्या वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. पहिल्या वर्षी दडलेले गुण दुसऱ्या वर्षी वर येतात. माणसांतही असेच घडते. आई व वडील दोघांत एकच सदोष जनुक दडलेले असले, तर दोघांची दृष्टी उत्तम असूनही प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारात एक असते.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी मराठवाड्यात जुनी आहे. आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. मामा-भाचीत हे प्रमाण एक-चतुर्थांश असते. त्यामुळे दडलेले दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. नात्यातील विवाहांतून जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे. तथापि, ज्या घराण्यात असे अंधत्व दिसले आहे, तेथे सोयरीक ठरविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल. काही घराण्यांत हा विकार नात्यातील विवाहावाचूनही उतरतो. सुनेस दोष देणे किंवा पूर्वजन्मीचे पाप म्हणणे यास आधार नाही.

गावाचे कर्तव्य

संध्याकाळी चाचपडणारे, बाजूने आलेला चेंडू न दिसणारे मूल शिक्षकाच्या नजरेतून सुटू नये. अंगणवाड्या व शाळांतील बालकांची आरोग्य तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. त्या पथकास असे मूल दाखवावे आणि दृष्टिपटलाची तपासणी होईपर्यंत पाठपुरावा करावा. 'अ' जीवनसत्त्वाच्या जादा मात्रा मनाने देऊ नयेत. त्या अपायकारक ठरू शकतात.

आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोषावरील जनुकोपचारास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तो इतर जनुकांच्या दोषांस लागू पडत नाही आणि दृष्टिपटलात जिवंत पेशी उरल्या असतील तरच उपयोगी पडतो. म्हणून लवकर निदानास महत्त्व आहे. ज्यांना उपचार उपलब्ध नाही, त्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्वाबरोबरच अल्पदृष्टीसाठीही संरक्षण दिले आहे. प्रमाणपत्र मिळवून देणे, वर्गात पुढे व उजेडात बसविणे, पांढऱ्या काठीचा वापर शिकविणे ही कामे गावालाही करता येण्याजोगी आहेत. मुलाची दृष्टी मंदावली तरी त्याचे शिक्षण थांबू नये, एवढी दक्षता प्रत्येक ग्रामपंचायतीने घ्यावयास हवी.