दुबळ्या खेळीचा विजय



एखादी दुबळी खेळी डाव जिंकून गेली, तर ती चांगली ठरते काय? बुद्धिबळातील एका डावाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्ही योजले आहे.

१९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे युरोपातील संघांची अजिंक्यपद-स्पर्धा भरली होती. तीत इंग्लंडच्या टोनी माइल्सची गाठ सोव्हिएत रशियाच्या अनातोली कार्पोव्हशी पडली. कार्पोव्ह त्या वेळी जगज्जेता होता आणि पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. त्याने रिवाजाप्रमाणे राजापुढचे प्यादे दोन घरे चालवले. माइल्सने उत्तर काय द्यावे? वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे, अगदी काठावरचे प्यादे त्याने एक घर सरकवले!

शास्त्र सांगते, की पटाच्या मधली चार घरे ज्याच्या ताब्यात, त्याच्या मोहऱ्यांना चहूकडे वाट. म्हणून आरंभी प्यादी मध्यात घालावीत, घोडे-उंट बाहेर काढावेत, राजाला किल्लेकोटात न्यावे. काठावरच्या प्याद्याने यातले काहीच साधत नाही. कार्पोव्हने लागलीच वजिरापुढचे प्यादेही दोन घरे रेटले आणि मध्य व्यापला.

माइल्सने मग घोड्यापुढचे प्यादे दोन घरे चालवले. मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवून तिरप्या वाटेने मध्यावरील पांढऱ्या प्याद्यावर रोख धरला, आणि सहाव्या खेळीला उंटापुढचे प्यादे पुढे टाकून मध्यावर घाव घातला. शेहेचाळीस खेळ्यांत जगज्जेता हरला.

या विजयाने ती खेळी सबळ झाली काय? मुळीच नाही. मोठे खेळाडू आजही तिच्या वाटेस क्वचितच जातात. तिने एकच काम केले: दोघांनाही पाठ केलेल्या वाटेवरून बाहेर काढले. त्याची किंमत माइल्सने आरंभीच मोजली होती. ती पुढच्या पंचेचाळीस खेळ्यांत त्याला भरून काढावी लागली.

आणि ती भरून काढण्याची ऐपत त्याच्यापाशी होती. १९७४ साली तो कुमारांचा जगज्जेता झाला होता, १९७६ साली ग्रँडमास्टर. नियम त्याच्या अंगी मुरलेला होता, म्हणून तो मोडल्यास काय गमावणार हे तो जाणत होता. आमच्या तरुण मित्रांनी माइल्सचे अनुकरण अवश्य करावे. मात्र आरंभ त्याच्या पहिल्या खेळीपासून न करता त्याच्या अभ्यासापासून करावा.