ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही परमुलखाचा माल येत होता. याला पुरावा काय? ऐका.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ साली ती शास्त्रीय रीतीने खणली. आत सातवाहन राजांच्या काळची विटांची घरे, मडकी व नाणी निघाली. याच टेकडीत एक लहानशी मूर्ती मिळालेली आहे. ती तांब्यात कथील मिसळून केलेल्या धातूची आहे. हा देव आपला नव्हे. हा रोमन लोकांचा समुद्रदेव. ग्रीक त्याला पोसायडन म्हणत.

रोमन व्यापाऱ्यांची जहाजे पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला येत. जाताना मिरे, कापड नेत. कोल्हापूर समुद्रापासून दूर. म्हणजे हा समुद्रदेव सह्याद्री चढून आला!

आता विचार करा. ही मूर्ती कुणी मोडीत घातली असती, तर तिचे चार पैसे आले असते आणि एवढी हकिगत कायमची बुडाली असती. म्हणून नांगरताना, विहीर खणताना काही जुने सापडले, तर घासू नका, वितळवू नका. जागा ध्यानात ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. अशा ठेव्याची खबर कलेक्टरांना द्यावी, असा १८७८ चा कायदाच आहे.

कोल्हापूरला गेलात की टाऊन हॉलचे संग्रहालय जरूर पाहा. तिथल्या पाट्या दुसऱ्याला विचारू नका. आता तुम्हीच वाचा.