निळे इंजिन आणि डोंगर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आत्मविश्वासावर बोलायचे म्हणजे थोरांची चरित्रे सांगायची, असा रिवाज आहे. मी मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी काढलेले एक चित्रांचे पुस्तक घेऊन आलो आहे. 'द लिटल इंजिन दॅट कुड' हे त्याचे नाव. अमेरिकेतील प्लॅट अँड मंक या प्रकाशनसंस्थेने ते १९३० साली काढले. चित्रे लोइस लेन्स्की यांची. लेखक म्हणून वॉटी पायपर असे छापले आहे, पण ते प्रकाशक आर्नोल्ड मंक यांचे टोपणनाव. गोष्ट त्याही आधी निरनिराळ्या रूपांत तिकडे सांगितली जात होती. १९२९ मध्ये तिथला शेअर बाजार कोसळला होता, माणसांचे रोजगार जात होते. अशा दिवसांत हे पुस्तक घराघरांत गेले.

गोष्ट साधी आहे. खेळणी, फळे, दूध असा खाऊ भरलेली एक गाडी डोंगरापलीकडच्या मुलांकडे निघते आणि वाटेत तिचे इंजिन बंद पडते. बाहुल्या खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांना विनवतात. पहिले नवे, चकचकीत. ते उतारूंच्या गाड्या ओढणारे, त्याला हे काम हलके वाटते. दुसरे मालगाडीचे, दांडगे, स्वतःच्या मोठेपणात मग्न. तिसरे जुने आणि गंजलेले. ते दमलेले आहे आणि आपल्याच्याने होणार नाही, हेच पुनःपुन्हा म्हणत निघून जाते. मला या तिसऱ्याचा राग येत नाही. त्याला असे म्हणायला कोणी शिकवले असेल, हा प्रश्न पडतो.

मग येते छोटे निळे इंजिन. यार्डात डबे इकडून तिकडे करायचे, म्हणजे शंटिंगचे, एवढेच काम त्याच्या वाट्याला. डोंगर त्याने कधी ओलांडलेला नाही, आणि हे ते आधीच सांगून टाकते. पण पलीकडे मुले वाट पाहत आहेत हे मनात येताच ते गाडीला जुंपून घेते आणि जमेल असे वाटते, असे चाकांच्या तालावर घोकत चढ चढते. (इंग्रजीत नकार देणारे चकचकीत इंजिन पुरुष आणि हे निळे इंजिन स्त्री आहे. आपल्याकडे इंजिन नपुंसकलिंगी, त्यामुळे ही गंमत हातातून निसटते. मुलींना मुद्दाम सांगावी.)

आता पालकांना एक स्पष्ट सांगतो. या पुस्तकाची छडी करता येते. मूल नापास झाले की, बघ, तुझाच विश्वास कमी पडला, असे म्हणायला आपण मोकळे! पण चित्रे नीट पाहा. निळ्या इंजिनाला डबे ओढण्याचा सराव रोजचा होता. डोंगरावर रूळ कोणीतरी आधी टाकून ठेवले होते. आणि त्याच्याकडे कोणीतरी विनंती घेऊन आले होते. तोवर त्याला यार्डाबाहेरचे काम विचारलेच गेले नव्हते. फी भरलेली नाही, बसायला जागा नाही, दिवा नाही, अशा मुलाला नुसते जमेल-जमेल घोकायला लावणे म्हणजे रुळांवाचून इंजिन हाकणे होय. रूळ टाकणे हे मोठ्या माणसांचे काम आहे. म्हणूनच अभ्यासिकेची वर्गणी थकवणाऱ्यांशी मी जरा कडक बोलतो, त्यांनी राग मानू नये.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. ते इंजिन 'मला येतेच' असे म्हणत नाही, जमेलसे वाटते एवढेच म्हणते. डोंगर उतरताना मात्र त्याच शब्दांचा काळ बदलतो, वाटले होते खरे, असा. मुलांना वाचून दाखवताना चढावर आवाज संथ ठेवावा आणि उतारावर वेग घ्यावा. ती आपोआप तालात म्हणू लागतात.

येत्या रविवारपासून दुपारी चार वाजता अभ्यासिकेत लहान मुलांसाठी वाचन ठेवले आहे. नववी-दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवायचे असेल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. याआधी कधी वाचले नसले तरी चालेल.