रकान्यातली आडवी रेघ



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या भवितव्यावर बोलावं, असा रिवाज आहे. मी मात्र अर्जातल्या एका रकान्याबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी रेशनकार्डाच्या कामासाठी एका देवदासी बाईंबरोबर मी कचेरीत गेले होते. कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" बाईंनी गळ्यातले लाल-पांढरे मणी चाचपले आणि शांतपणे म्हणाल्या, "जमदग्नी लिहा." यल्लम्माला सोडलेल्या मुलीचा नवरा देवच. कारकून हसला आणि त्याने रकान्यात आडवी रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला कुलवंत, दुसऱ्या बाजूला बाजारबसवी.

ही रेघ पैशाने पडते, असं आपण समजतो. पैसे घेतले की बाजार, मंत्र म्हटले की संसार. पण देवलांच्या 'शारदा' नाटकात कांचनभट पोटच्या पोरीचा सौदा म्हाताऱ्या भुजंगनाथाशी करतो, आणि तो सौदा मंत्रांनीच पुरा व्हायचा असतो. ते झालं नाटक. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं गेलं. त्यांनी नांदायला नकार दिला, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने बजावलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने हक्क सोडला. नाही म्हणण्याची किंमत बाईलाच मोजावी लागली. आणि तेंडुलकरांच्या 'कमला' नाटकातली विकत आणलेली कमला घरच्या मालकिणीला, सरिताला, सहज विचारते, तुला केवढ्याला घेतलं? त्यानंतर सरिताला स्वतःचं घर पहिल्यासारखं दिसत नाही.

म्हणून सगळी लग्नं बाजार, असं मी म्हणणार नाही. बाजाराला स्वातंत्र्याचा साजही चढवणार नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना बजावलं होतं की कामाठीपुऱ्यातलं जिणं सोडा, लग्न करून संसार थाटा. ज्या जातींच्या मुली देवाच्या नावाने बाजारात पोचत, त्या मुलींना कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढे १९९६ मध्ये सांगलीकडच्या देहविक्री करणाऱ्या बायांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. हा आमचा धंदा आहे, आम्हाला माणसासारखं वागवा, असं त्या म्हणतात. मला दोन्ही ऐकावं लागतं. एकीकडे न विचारता ढकललेली मुलगी आहे, दुसरीकडे विचारलं तर स्वतः उत्तर देणारी बाई आहे. दोघींच्या बाबतीत प्रश्न एकच: तिला नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर कुणी ऐकतं का?

याच प्रश्नावर कायदा तपासून पाहा. देहविक्री हा आपल्याकडे स्वतःत गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बायांच्या सन्मानाबद्दल पोलिसांना स्पष्ट शब्दांत बजावलं. गिऱ्हाइकाने बळजबरी केली तर तिला निदान कागदावर बलात्काराची तक्रार करता येते. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या सज्ञान बायकोला नवऱ्याविरुद्ध तीही करता येत नाही, कारण नवऱ्याला सूट देणारा अपवाद भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. जिला आपण विकाऊ म्हणतो तिचा नकार कायद्याला कळतो, कुलवंतिणीचा कळत नाही. आपली नीती बाईचा होकार विचारत नाही, शिक्का तपासते.

आता आपल्या धंद्याचं, म्हणजे शब्दांचं. देह विकणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्दांची रास पडली आहे, त्यातले अर्धे शिव्या म्हणून वापरतात. तिच्याकडे जाणाऱ्याला आपण नुसतं गिऱ्हाईक म्हणतो. भाजीवालीकडे जाणाऱ्यालाही आपण तेच म्हणतो. तो पायऱ्या उतरून घरी जातो, हातपाय धुतो आणि पाटावर बसतो. आपल्या कथा मात्र त्याच्या मागे जात नाहीत, माडीवरच थांबतात.

लेखकमित्रांनो, बाईला आपण नावं खूप ठेवली. आता त्या गिऱ्हाइकाला नाव द्या, पत्ता द्या. तो पत्ता बहुधा आपल्याच आळीतला निघेल.