गुणपत्रक आणि गुण



मुलाचे गुणपत्रक घरोघरी काळजीपूर्वक वाचले जाते. त्याचे गुण मात्र क्वचितच वाचले जातात.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शालेय परीक्षांत ते चमकले नाहीत. पुढे ओगले यांचा काचमाल व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामी ते गावोगाव हिंडले. अखंड पायपीट, अनोळखी माणसाशी आपुलकीचा संवाद आणि चिकाटी हे विक्रेत्याचे गुण तेथे कसाला लागले. त्याच भ्रमंतीत त्यांना खेड्यांतील अज्ञान दिसले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. गुण तेच राहिले. त्यांना योग्य क्षेत्र लाभले.

म्हणून केवळ वेतन पाहून व्यवसाय ठरवू नये. कोणते काम करताना मुलाला तहानभुकेचा विसर पडतो, हे पालकांनी पाहावे. तसेच जेथे रोज असत्याचा आधार घ्यावा लागतो, ते कार्यस्थळ कितीही संपन्न असले तरी सत्यनिष्ठाला मानवत नाही. अर्थार्जन आणि व्रतपालन एकाच वाटेने चालावे, यातच जीवनाचे सार्थक आहे.