दोन वेळा, एक वाक्य

साथींनो, लोकलची गर्दी विभागावी म्हणून मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याचे आवाहन केले, हे आपण जाणताच. याच विषयावर आम्ही प्रशासनासाठी पत्राचा मसुदा केला. त्यात एक इंग्रजी वाक्य होते: ‘स्टाफ शॅल अटेंड बिट्वीन एट अँड टेन अँड लीव्ह बिट्वीन फोर अँड सिक्स.’ आम्हाला म्हणायचे होते, कोणी ८ ते ४, कोणी १० ते ६. पण साहेबांनी ८ ला बोलावून ६ ला सोडले, तरी या वाक्यातला एक शब्दही मोडत नाही! भरले १० तास, आणि खाली सही आमचीच.

‘स्टाफ’ म्हटले की सगळे आले. कोण केव्हा, हे कुठेच नाही. मग आम्ही वाक्य तोडले: ‘ग्रुप ए शॅल वर्क फ्रॉम एट टु फोर. ग्रुप बी शॅल वर्क फ्रॉम टेन टु सिक्स. नो एम्प्लॉयी शॅल वर्क इन बोथ ग्रुप्स ऑन द सेम डे.’ तिसरे वाक्य काहींना फाजील वाटले. आम्ही ते ठेवलेच. ‘स्टॅगर्ड’ हा शब्दही एकटा सोडू नका. स्प्लिट ड्यूटीत एकाच माणसाची पाळी मध्ये तुटते. इथे पाळी सलग, फक्त गटागटाची सुरुवात वेगळी. हेही पत्रातच लिहा.