गायरान कुणाचं?

ऑस्ट्रेलियात सभेच्या सुरुवातीला म्हणतात, ‘ही भूमी इथल्या मूळ रहिवाशांची.’ ऐकायला बरं वाटतं. पण त्यांचं म्हणणं मांडणारं मंडळ घटनेत आणायचं का, यावर २०२३ साली मतदान झालं, तेव्हा शंभरातल्या साठांनी नाही म्हटलं!

आपल्या अंबाजोगाईकडं गायरानातले दगड वेचून दलित, पारधी कुटुंबांनी रान केलं. गाव त्यांना अजून अतिक्रमणवालेच म्हणतं. १४ एप्रिल १९९० पर्यंतचं भूमिहीन मागासवर्गीयांचं अतिक्रमण नियमित करायचा सरकारी निर्णय १९९१चा. तरी नावं लागायची राहिलीच. आम्हाला नुसतं बोलणं नको, सातबारा हवा, त्यावर बाईचंही नाव हवं. तेव्हा दंडाच्या जुन्या पावत्या जपा. तलाठ्याकडं अतिक्रमणाच्या एक-ई नोंदवहीत आपलं नाव बघून घ्या.